शेष आणि उच्छिष्ट

दिवाळीच्या पणत्या खेड्यात कोठे कोठे ठेवतात ते पाहण्यासारखे असते. देवापुढे, तुळशीपुढे, उंबऱ्यावर एकेक ठेवून झाली की एक गोठ्यात जाते, एक आडावर जाते, आणि पुष्कळ घरांतून एक उकिरड्यावरही जाते. लक्ष्मीपूजनाला तर नवी केरसुणी हीच लक्ष्मी म्हणून पाटावर बसते. जिला वर्षभर दाराआड उभी करायची, तिला त्या संध्याकाळी हळदकुंकू! शहरात वाढलेल्या माणसाला यात गंमत वाटते. शेतकऱ्याला वाटत नाही. त्याच्या लेखी उकिरडा म्हणजे पुढच्या सालचे पीक. उकिरड्याची दैना बारा वर्षांनी देखील फिटते, अशी म्हण याच लोकांनी केली. म्हण करणाऱ्याला बारा वर्षे ही फार लांबची मुदत वाटली असावी. प्रत्यक्षात पिढ्या गेल्या, आणि आता ती दैना फिटण्याचा योग आला आहे तो कोणा कुणब्याच्या हातून नव्हे, प्रयोगशाळेच्या हातून.

या उकिरड्यातून हायड्रोजन काढता येतो. 2021 साली पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सेंटियंट लॅब्ज या पुण्यातल्याच प्रयोगशाळेबरोबर अशी एक पद्धत जाहीर केली. भाताचे, गव्हाचे, मक्याचे काड घ्यायचे, ते आधी रसायनांत शिजवीत बसायचे नाही, आणि खास जोपासलेल्या जंतूंच्या समुदायाला खायला घालायचे. पहिल्या टप्प्यात हायड्रोजन निघतो, दुसऱ्यात मिथेन. पुढे जानेवारी 2023 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. 19,744 कोटी रुपये, आणि 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टन हायड्रोजन असा त्याचा संकल्प आहे. त्याच वर्षी महाराष्ट्रानेही आपले धोरण ठरविले. या योजनांतला मोठा भर विजेने पाणी फोडून हायड्रोजन मिळविण्यावर आहे, आणि तेथे किलोभर हायड्रोजनला निदान 9 लिटर शुद्ध पाणी लागते. 9 लिटर म्हणजे फार नव्हे. उसाच्या मानाने तर काहीच नव्हे. पण एप्रिल 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पिण्याचे पाणी आणावे लागले, पहिल्या खेपेला 10 वाघिणींतून 5 लाख लिटर, त्या लातूरच्या माणसापुढे पाणी फोडण्याची गोष्ट काढताना जीभ थोडी अडखळतेच. म्हणून पाण्याऐवजी कचरा फोडण्याची ही वाट नांदेड-लातूरकडच्या माणसाला अधिक जवळची वाटावी यात नवल नाही. कचऱ्याच्या टाकीलाही पाणी लागते, पण ते पिण्याचे असावे लागत नाही.

हायड्रोजनची थोरवी फार लांबवीत नाही. वजनाला वजन धरले तर पेट्रोलच्या पावणेतीनपट उष्णता देतो आणि जळून नुसते पाणी होतो. खोड एवढीच की साध्या दाबाला किलोभर हायड्रोजन ठेवायचा म्हटले तर सुमारे 11 घनमीटर जागा लागते, म्हणजे एक लहानशी खोली. त्यामुळे तो दाबावा लागतो, जपावा लागतो, आणि ज्याच्याजवळ दाबण्याची यंत्रे आहेत त्याच्याकडे जाऊन बसतो. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. तिच्याकडे पुन्हा यायचे आहे.

मला अधिक मोलाचे वाटते ते टाकीच्या आत काय घडते ते. गोबरगॅस आपल्याकडे नवा नाही. शेणाच्या टाकीत हवा शिरू दिली नाही की कुजण्याचे काम पाळीपाळीने चालते. काही जंतू मोठे कण फोडून त्यांची साखर करतात. दुसरे ती साखर आंबवतात. त्यातून शिर्क्याचे आम्ल निघते, खवट लोण्याला जो वास येतो त्याचे आम्ल निघते, आणि त्याबरोबर हायड्रोजनही निघतो. म्हणजे गावोगावच्या प्रत्येक टाकीत हायड्रोजन आजही तयार होत आहे. आपल्याला तो मिळत नाही, कारण शेजारीच बसलेले मिथेन करणारे जंतू तो निघाल्याबरोबर खाऊन टाकतात. आंबवणाऱ्या जंतूच्या दृष्टीने हायड्रोजन हा टाकाऊ माल आहे. तो बाहेर टाकल्याशिवाय त्याला जगता येत नाही. शेजाऱ्याच्या दृष्टीने तेच पक्वान्न आहे.

तेव्हा हायड्रोजन माणसाला हवा असेल तर काय करावे लागते? तो खाणाऱ्याला आधी हाकलून द्यावे लागते. विरजणाची लगदी उकळतात. मिथेन करणारे जंतू त्या उष्णतेने मरतात. हायड्रोजन सोडणाऱ्यांपैकी काही जंतू टणक कवचाचे बीजाणू करून दडून बसतात आणि निवल्यावर पुन्हा रुजतात. मग टाकी जरा आंबट ठेवायची, म्हणजे हाकललेले परत येत नाहीत. एवढे करूनही हिशेब पाहाल तर फार मोठा नाही. साखरेच्या एका कणापासून, पाण्याची जोड धरून, हायड्रोजनचे 12 कण मिळावेत असे कागदावरचे गणित आहे. या आंबवण्यात जास्तीत जास्त 4 मिळू शकतात, आणि व्यवहारात त्याहूनही कमी. बाकीचे सगळे त्या आंबट पाण्यात राहते. ते दुसऱ्या टाकीत घालून तेथे हाकललेल्यांना पुन्हा बोलवावे लागते, म्हणजे मग मिथेन मिळतो.

हे वाचल्यापासून माझ्या मनात एक प्रश्न घोळतो आहे. टाकाऊपणा हा वस्तूचा गुण असता तर एकाचा टाकाऊ दुसऱ्याचे अन्न झाला नसता. कोणतीही वस्तू टाकाऊ आहे असे आपण म्हणतो तेव्हा आपण वस्तूविषयी काही सांगत नसतो, आपल्याविषयी सांगत असतो. ती मला नको आहे, एवढेच. मग मला नको असलेली वस्तू आजवर कोण खात होते, आणि तिला भाव आला की त्याला उकळत्या भांड्यात घातले जाईल काय, हे पाहिल्याशिवाय 'कचऱ्यातून सोने' या घोषणेवर टाळी वाजवता येईल का?

लातूर-नांदेडच्या शिवारात हे खाणारे कोण आहेत ते मोजायला फार वेळ लागत नाही. ज्वारीचा कडबा जनावरे खातात. सोयाबीनच्या भुसकटातले बरेच जनावरांच्या गव्हाणीत जाते, काही उकिरड्यात, काही पावसात सडते. तुरीच्या तुराट्यांचा कूड होतो, कूड जुना झाला की जळण होते. अर्धापूरकडे केळीचा घड कापला की उभे खांब राहतात, ते बांधावर पडून कुजतात आणि बांधाचीच माती होतात. आणि कपाशी उपटून झाल्यावर उरतात त्या पऱ्हाट्या. या पऱ्हाट्यांचा कायदा कोठे लिहिलेला नाही, पण तो आहे. लोहा तालुक्यात एका रानाच्या कडेला पऱ्हाट्यांचा भारा बांधीत बसलेल्या एका वृद्ध बाईला मी विचारले, "मावशी, मालक काही म्हणत नाही का?" ती हात न थांबविता म्हणाली, "काय म्हनंल? शेत मालकाचं, कापूस मालकाचा. पऱ्हाट्या तेवढ्या उपटनाराच्या." घरी गॅसचा सिलिंडर आहे की नाही असे विचारल्यावर म्हणाली, "हाय की. पावनं आले की पेटवतो."

सरवा वेचण्याचा हक्कही असाच. पीक निघाल्यावर रानात सांडलेली कणसे, शेंगा ज्याला रान नाही त्याने वेचाव्यात, मालकाने तिकडे पाठ करावी. या न पाहण्यात एक मोठे औदार्य होते असे मला वाटते. दानाला निदान देणारा तरी लागतो, घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते. सरव्यात दोन्ही नाही. यंत्राने कापणी सुरू झाली, पुढे भुसकट दाबून गठ्ठे बांधणारी यंत्रे आली, आणि रान इतके स्वच्छ होऊ लागले की पाठ फिरविण्याचे कारणच उरले नाही.

आपल्या भाषेत उरलेल्या वस्तूला दोन शब्द आहेत. एक शेष, दुसरा उच्छिष्ट. देवाचा, अतिथीचा, गाईचा, कावळ्याचा घास आधी बाजूला काढायचा आणि मग जे राहील तो शेष. तो प्रसाद म्हणून खातात. आपण पोटभर जेवल्यावर पानात जे राहते ते उच्छिष्ट. ते पुढे करणे हा अपमान. भाताची शिते तीच असतात. फरक पडतो तो क्रमाने, आधी कोणाचे ताट वाढले यावरून. शेतातल्या काडाचाही हाच प्रश्न आहे. जनावराचा, जमिनीचा आणि पऱ्हाट्यांवर जगणाऱ्या चुलीचा वाटा काढून जे राहील त्याचा खुशाल वायू करावा. तो शेष आहे. आधी टाकी भरायची आणि तिच्यातून उरेल ते जमिनीला व गरिबाला द्यायचे, तर ते उच्छिष्ट झाले, मग त्याला कितीही चांगले नाव द्या.

येथे कोणी म्हणेल, हे जुन्या खेड्याचे गोडवे झाले. तसे होऊ नये म्हणून दुसरी बाजू स्पष्टच मांडली पाहिजे. ज्या गावगाड्यात काही वाया जात नव्हते, त्याच गावगाड्यात उरलेसुरले उचलण्यासाठी माणसांच्या जाती नेमून दिल्या होत्या. मेलेले ढोर ओढायचे कोणी, दारोदार शिळ्या भाकरीचे तुकडे मागायचे कोणी, हे जन्माने ठरत होते. मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी आपल्या बांधवांना मेलेल्या जनावराचे मांस आणि हे शिळेपाके तुकडे सोडायला सांगितले तेव्हा त्यांनी एक फुकट मिळणारे अन्न नाकारले होते, कारण ते उच्छिष्ट होते. कचऱ्यातून काही वाचविणे हे पुण्य असेल. पण कचऱ्यापाशी कोणाला बांधून ठेवून ते साधले असेल तर ते पुण्य कसले? मावशींच्या चुलीचा धूरही काही वंदनीय नाही. तो त्यांच्या डोळ्यांतून आणि छातीतून गेला आहे. पऱ्हाट्या चुलीत जाण्याऐवजी टाकीत जाऊन स्वच्छ वायू होऊन परत आल्या तर त्याहून चांगले काय? फक्त त्या परत आल्या पाहिजेत, आणि तिच्याच चुलीत.

आपल्याकडे कुजण्यातून उजेड काढल्याच्या अगदी जुन्या नोंदींपैकी एक मुंबईची आहे. 1897 साली माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून वायू काढून दिवे लावण्यात आले. घरादाराने, गावाने ज्यांना अक्षरशः टाकून दिले होते, त्यांनीही जे टाकले त्याचा तो दिवा. शहरात तेव्हा उजेडाची दुसरी साधने नव्हती असे नाही. पण हा प्रयोग करायला जागा सापडली ती तेथेच. हा योगायोग मला कधी पुरता उलगडला नाही. एक अर्थ असा लावता येतो की टाकलेल्या माणसांपाशीच टाकलेल्या वस्तूची किंमत कळते. दुसरा अर्थ कमी गोड आहे: मैल्याच्या टाकीशेजारी राहायला दुसरे कोण तयार होणार?

अप्पासाहेब पटवर्धनांनी या दुसऱ्या अर्थाशी जन्मभर झुंज घेतली. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी भंगीकाम मागितले. ब्राह्मणाला ते काम देता येत नाही म्हणून अधिकारी नाही म्हणाले, तेव्हा त्यांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला आणि त्यांना पाठिंबा म्हणून येरवड्याच्या तुरुंगात गांधींनी उपवास आरंभला. पुढे कणकवलीजवळच्या गोपुरीत मैल्याचे खत करण्याचे जे प्रयोग त्यांनी केले त्यामागे रसायनशास्त्रापेक्षा हा हट्ट मोठा होता, की घाण ज्याची त्याने तिच्याकडे पाहावे. आज मैल्याच्या टाकीत माणूस उतरविण्याला 2013 च्या कायद्याने बंदी आहे. तरीही माणसे उतरविली जातात, आणि त्याच कुजण्यातून निघालेल्या विषारी वायूने गुदमरून मरतात. तेव्हा कचऱ्यापासून वायू काढण्याच्या ज्या कोणत्या योजना येतील त्यांना विचारायचा पहिला प्रश्न वायू किती निघतो हा नव्हे. टाकी तुंबली तर आत कोण उतरणार, हा आहे.

दुसरा आक्षेप अधिक जोरदार आहे. 'अहो, हे सगळे नाहीतरी जाळूनच टाकतात!' खरे आहे. उसाचे पाचट पेटविलेले कोणीही पाहावे. थंडीच्या संध्याकाळी सगळा शिवार धुराने भरतो. शहराच्या कचऱ्याच्या ढिगाला तर सदा कोठे ना कोठे धुमसत राहण्याची सवयच असते. नांदेडला गुरुद्वाऱ्याच्या लंगरात रोज एवढी माणसे जेवतात. लग्नसराईत मंगल कार्यालयांतून अन्नाचे ढीग निघतात. बाजार समितीत, भाजी मंडईत सडकी पाने, देठे पडलेली असतात. हा ओला कचरा टाकीच्या जंतूंना काडापेक्षा फार लवकर पचतो, आणि तो गेल्याने उपाशी राहणारा कोणी असलाच तर मोकाट गाई आणि डुकरे. पुण्याच्या डॉ. आनंद कर्वे यांच्या संस्थेने स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारी छोटी गॅसची टाकी केली, तिला 2006 साली परदेशात पारितोषिकही मिळाले. सुरुवात येथूनच व्हावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शंका आहे ती पुढच्या पायरीविषयी. टाकी मोठी झाली, तिच्यावर कर्ज झाले, की तिला रोजचा खुराक लागतो. मग कचरा कमी व्हावा ही तिची इच्छा राहत नाही. ज्याचे पोट उकिरड्यावर चालते तो उकिरडा आटू देईल कसा? लग्नात अन्न वाया गेले तर निदान मनाला टोचत होते. 'जाऊ द्या हो, त्याचा गॅस होतो' असे म्हणायची सोय झाली की ते टोचणेही गेले. लातूरला हा प्रश्न आणखी बिकट आहे, कारण तेथला सर्वांत मोठा संघटित टाकाऊ माल साखर कारखान्यांचा, आणि कारखाने उसाचे. उसाच्या प्रत्येक टाकाऊला भाव येत गेला तर ऊस आणखी वाढेल. आणि ऊस पितो ते मांजरा धरणाचे पाणी, जे 2016 च्या उन्हाळ्यात लातूरच्या नळांना मिळाले नाही. पाणी वाचविणारे इंधन म्हणून ज्याचे स्वागत केले तेच मागच्या दाराने पाणी पिऊन जायचे!

कारखान्याचा दाखला आणखी एका कारणाने शिकण्यासारखा आहे. एके काळी बगॅस ही कारखान्याची डोकेदुखी होती, मळीचा वास ही गावाची. आज बगॅसची वीज होते, मळीचे इथेनॉल होते. टाकाऊचे धन झाले, हे आपल्या डोळ्यांदेखत घडले. मग भांडण लागले की ते धन कोणाचे? शेतकरी म्हणाला, मी ऊस दिला तेव्हा त्यातले चिपाडही माझेच होते. रंगराजन समितीने 2012 साली साखर आणि हे उपपदार्थ मिळून जे उत्पन्न होईल त्याचा 70 टक्के वाटा ऊस देणाऱ्याला मिळावा अशी शिफारस केली, आणि महाराष्ट्राने 2013 साली त्या धर्तीवर कायदा केला. चिपाडावर शेतकऱ्याचा हक्क कायद्याने मानला गेला, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. पण त्या 70 टक्क्यांत ऊस तोडणारा कोठे आहे? त्याच्या बैलांना मिळणारे हिरवे वाढे हाच त्याचा वाटा, आणि तोही तोडणीयंत्र येईतोवर.

राहिली जमीन. ती भांडत नाही, म्हणून तिचे नाव शेवटी येते. टाकीतून वायू गेला तरी नत्र, स्फुरद, पालाश बहुतेक सगळे स्लरीत राहतात. ती स्लरी रानात परतली तर या तिघांचा हिशेब जवळजवळ फिटतो. जातो तो कर्ब, आणि मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत आज खरी वाण आहे ती त्याचीच. काड विकून आलेल्या पैशातून शेतकरी युरियाची गोणी आणतो. त्या युरियातला नत्र हवेतून पकडायलाही हायड्रोजनच लागतो आणि आपल्या देशात तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून करतात. म्हणजे हायड्रोजन आमच्या शिवारात परका नाही. गोणीतून तो केव्हाच आला आहे. उद्या काडाचाच हायड्रोजन होऊन त्याचा युरिया झाला तर एक वर्तुळ पुरे झाले असे वाटेल. जमिनीला मात्र तसे वाटणार नाही. तिला युरिया मिळाला, काड मिळाले नाही.

2022 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात हायड्रोजनवर चालणारी स्वदेशी बनावटीची बस लोकांपुढे आली. तशा बसगाड्या उद्या नांदेड-लातूर रस्त्यावरही धावोत. मी पहिल्या दिवशी तिकीट काढीन. पण वर सांगितले तसे, हायड्रोजन हा दाबून ठेवावा लागणारा, दूर जाणारा वायू आहे. खेड्यातल्या चुलीला मिथेन पुरतो. म्हणून दोन टाक्यांच्या या पद्धतीत पहिल्या टाकीचा वायू शहराकडे गेला तर जावो, दुसऱ्या टाकीचा वायू आणि दोन्ही टाक्यांची स्लरी ज्या गावचे काड त्याच गावाला परत गेली पाहिजे. गठ्ठे घेऊन गेलेला ट्रक रिकामा परत येणार की स्लरी घेऊन, हे करारात पहिल्या पानावर लिहून घ्यावे. करार होईल तो सातबारा ज्याच्या नावावर आहे त्याच्याशी. लोह्याच्या त्या मावशींच्या नावावर सातबारा नाही, त्यामुळे त्यांची सही कोणी मागायला येणार नाही. पऱ्हाट्या उपटायला मात्र त्यांनाच बोलावतील, आणि मजुरी ठरविताना आजवर त्यात भाऱ्याची किंमत धरलेली होती हे कोणाच्या लक्षात राहील की नाही, ते गावाने आताच ठरवायचे आहे.